इसॉटचं दुपटं

मेलेल्या कोकराचं कातडं ते गरम असतानाच सोलावं लागतं. गार झालं की मांसाला धरून बसतं आणि सुरी कुठेतरी फाडते. रॅफ घोट्यांपाशी चार काप द्यायचा, मागच्या बाजूने सुरुवात करायचा आणि पायातला मोजा काढावा तसं कातडं डोक्याकडे ओढत न्यायचा. मग त्याच्या चार भोकांतून दुसऱ्या एखाद्या पोरक्या कोकराचे पाय घालायचे. ते बिचारं ओलं कातडं पांघरून थरथरत उभं राहायचं. ज्या मेंढीचं कोकरू मेलं ती यायची, त्याच्या शेपटीखाली हुंगायची. पुन्हा हुंगायची. मग मागचे पाय जरा फाकवून उभी राहायची.

"घेतलं," रॅफ म्हणायचा, आणि हात गवताला पुसायचा.

तीन दिवस कातडं अंगावर ठेवायचं. त्याआधी काढलं तर मेंढी कोकराला ढुशी देऊन पाडते. तीन दिवसांनी काढलं तर चालतं, कारण तोवर तिचं दूध त्या कोकराच्या अंगातून फिरून आलेलं असतं. मग त्याला तिचाच वास येतो. मग कातड्याची गरज राहत नाही.

त्या मार्चमध्ये आम्ही हे अकरा वेळा केलं. पाय मी धरायची. शेजारी टोपलीत सिस्ली असायची, अकरा आठवड्यांची.

आमच्या विडकोटमध्ये आदल्या वर्षापर्यंत चौदा घरं होती. सप्टेंबरअखेरीच्या सणाला मालकांच्या कारभाऱ्याने तेरा घरांना निघायला सांगितलं. बार्लीपेक्षा लोकरीला भाव होता, आणि जिथे चौदा नांगर चालत तिथे मेंढ्या राखायला एक माणूस आणि एक कुत्रा पुरतो. तो माणूस रॅफ ठरला. म्हणून आमचं छप्पर राहिलं. बाकीची छपरं त्यानेच उतरवायची, असं ठरलेलं होतं. त्याने उतरवली. शिडी मी धरली. मला तेव्हा सातवा महिना होता.

इसॉटचं घर आमच्यापासून चाळीस पावलांवर, गल्लीच्या पलीकडे. तिला मुलगा होऊन चौदा दिवस झाले होते. बाळंतीण देवळात जाऊन पाद्रीबाबांकडून शुद्ध होईपर्यंत, चांगला महिनाभर, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. इसॉटला टाकावं लागलं. ती रडली नाही, ओरडली नाही. गाडीत बसताना मला एवढंच म्हणाली, "एमट, चूल अजून गरम आहे गं. विस्तव लागला तर घेऊन जा."

मी घेतला. त्या सकाळी आमची चूल विझली होती.

नाताळच्या आधी गुरं हाकणारा एक माणूस रॅफला बाजारात भेटला. इसॉटचं पोर कॉव्हेन्ट्रीच्या वाटेवरच गेलं, म्हणाला. इसॉटचं काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. रॅफने हे मला तीन दिवसांनी सांगितलं, कालवण ढवळता ढवळता. मी म्हटलं, बरं. त्या हिवाळ्यात आम्ही तसेच झालो होतो. हात-पाय चालायचे, काम व्हायचं.

शेतं आता सगळी गवताची झाली होती, पण गवताखाली सरी-वरंबे तसेच होते. घरांच्या जागी चौकोनी उंचवटे. मेंढ्या त्यांच्यावरून चरत जायच्या, त्यांच्यावर बसून रवंथ करायच्या. फक्त एका चौकोनावर जायच्या नाहीत. त्याच्या कडेकडेने जायच्या, अगदी भिंतीला अंग घासत जावं तशा. एखादी आत शिरलीच तर दक्षिणेच्या एकाच जागेवरून शिरायची आणि तिथूनच बाहेर यायची.

"राख पडलेली असणार तिथे," रॅफ म्हणाला. "राखेवरचं गवत त्यांना आवडत नाही."

"राख सगळीकडेच पडली होती."

"मग मला काय विचारतेस? मेंढ्यांना विचार."

दक्षिणेच्या त्या जागी इसॉटचं दार होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

माझं लक्ष तेव्हा दुसऱ्या गोष्टीकडे होतं. सिस्लीच्या आधीची माझी मुलगी सहा आठवडे जगली. तेव्हा मी काही बघितलं नव्हतं. ती झोपते आहे म्हणून मी खूश असायची. यावेळी मी सगळं बघत होते. किती वेळ चोखते, किती वेळा गिळते. बाळोतं किती वेळा ओलं होतं, ओलं झालं तर किती जड लागतं. टाळू खोल गेली आहे का. मार्चच्या सुरुवातीला बाळोती हलकी लागायला लागली. उपासाचे चाळीस दिवस चालू होते, घरात खारवलेले मासे, वाटाणे आणि बार्लीचा पाव. मला दूध कमी येत होतं. मी रॅफला सांगितलं नाही. सांगून तो काय करणार होता?

मालकांनी गायरानाभोवती काट्यांचं कुंपण घातलं होतं. मेंढ्या त्याला अंग घासत आणि लोकरीचे पुंजके काट्यांना लटकून राहत. ते पुंजके वेचणाऱ्या बाईचे. ही आमच्याकडची जुनी रीत आहे. कारभारीसुद्धा त्यावर काही बोलत नाही. काट्याला जे लटकलं ते मालकाचं राहत नाही. मी रोज सकाळी सिस्लीची टोपली एका हातात आणि पिशवी खांद्याला अडकवून कुंपणाच्या कडेने जायची. वेचलेलं पिंजून, टकळीवर कातून द्यायची. शेजारच्या गावची मॉडलिनआई सूत घेऊन जायची.

त्या मंगळवारी पहाटेपासून पाऊस होता. बारीक, पण न थांबणारा. लोकरीचे पुंजके भिजून करडे झाले होते. इसॉटच्या घरासमोर कुंपण वळतं, तिथे काट्यांवर एक दुपटं वाळत घातलेलं होतं.

घातलेलं म्हणते, कारण ते वाऱ्याने अडकलेलं नव्हतं. चारी टोकं नीट काढून पसरलेलं होतं, आपण पसरतो तसं. मी हात लावला. कोरडं होतं. मी पुन्हा लावला.

मला ते ओळखू आलं नाही, असं मी म्हणणार नाही. काठाला निळ्या दोऱ्याची शिवण होती. ती शिवण इसॉटने माझ्याच दारात बसून घातली होती. पाच महिने ते कुठे होतं, पावसात कोरडं कसं राहिलं, हे प्रश्न मला पडले. पण टोपलीत सिस्लीच्या अंगावरचं सगळं ओलं झालं होतं आणि तिचे ओठ निळे दिसत होते. आणि ते काट्यावर होतं. काट्यावरचं घ्यायचं असतं.

मी तिथेच, पाठीने पाऊस अडवून, तिचं ओलं काढलं आणि तिला त्या दुपट्यात गुंडाळलं. ती रडायची थांबली. इतकी पटकन की मी वाकून तिचा श्वास बघितला.

टोपली कुंपणाच्या आडोशाला ठेवून मी पुढे गेले. शंभरेक पावलं, जास्त नाही. मधून मधून मागे बघत होते. परत आले तेव्हा ती गाढ झोपली होती. ओठाच्या कोपऱ्यात दूध होतं, पातळ, निळसर. मला वाटलं, मघाचंच माझं असेल. पण माझं जे थोडं दूध होतं ते सकाळपासून छातीत साठून दुखत होतं. मी तिला पाजलेलं नव्हतं.

घरी आल्यावर बाळोतं बघितलं. जड होतं.

बुधवारीही तसंच झालं. गुरुवारीही. मी टोपली दुसऱ्या ठिकाणी ठेवून बघितली, नाल्यापाशी. तिथे सिस्ली रडली. इसॉटच्या घरासमोर ठेवली की गप्प. गुरुवारी मी परत आले तेव्हा तिला आवळून गुंडाळायच्या कापडी पट्ट्या उजवीकडून डावीकडे बांधलेल्या होत्या. मी डावीकडून उजवीकडे बांधते. मी त्या सोडल्या नाहीत. चांगल्या घट्ट होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या.

मला भीती वाटायला हवी होती. मी वाट बघत होते ती वाटायची. तिच्या मांड्यांना वळ्या पडायला लागल्या होत्या, आणि मी त्यांच्यावरून बोट फिरवत बसायची.

शनिवारी मॉडलिनआई सूत न्यायला आली. सिस्लीच्या वेळी सुईण तीच होती. तोंडाची फटकळ, पण हात सोन्याचा. तिने सिस्लीला उचलून हातावर तोललं.

"काय गं पोरी, मेंढीला लावतेस की काय हिला? गाल बघ!"

"पिते नीट आता."

"ती पिते ते दिसतंय. तुझ्यात मात्र काही उरलेलं दिसत नाही. काडीसारखी झाली आहेस. उपासाचे दिवस आहेत, पण पाजणारीला देव माफ करतो म्हणावं त्या रॅफला. एखादं अंडं तरी घाल तिच्या तोंडात!"

रॅफ दारात बसून सुरी घासत होता. तो हसला नाही. मॉडलिनआईने सिस्लीच्या मानेत नाक खुपसलं, म्हाताऱ्या बायका करतात तसं. मग तिने नाक बाहेर काढलं आणि चुलीकडे बघितलं.

"तुम्ही काय जाळता?"

"शेणी. काटक्या. जे मिळेल ते."

"हिला सफरचंदाच्या लाकडाच्या धुराचा वास येतोय."

"मानेला?"

"मानेला, केसांना. चांगलं घर असतं ना, तसा वास." तिने सिस्लीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि शाल ओढून घेतली. "शेजारीपाजारी कोणाकडे ठेवतेस का हिला?"

"इथे शेजारी कुठे आहेत, मॉडलिनआई?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. सुताची गुंडी तिने काखेत मारली आणि त्या दिवशी ती जेवायला थांबली नाही.

इसॉटच्या नवऱ्याने मागल्या वर्षी वठलेलं सफरचंदाचं झाड तोडलं होतं. पूर्ण उन्हाळाभर त्यांच्या चुलीत तेच जळत होतं.

रविवारी दुपारी मी रॅफला सगळं सांगितलं. कोकरांच्या गोठ्यात. त्याच्या हातात अकरावं कातडं होतं, काढून टाकलेलं. ते कोकरू आता नव्या आईच्या पोटाखाली शिरलं होतं. मी सांगत होते आणि तो कातड्याची घडी करत होता. पुन्हा उलगडत होता.

"दुपटं कोणाचं ते तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि तू ते तिच्या अंगावर घातलंस."

"ते काट्यावर होतं, रॅफ."

त्याने कातडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "किती दिवस झाले?"

"मंगळवारपासून. सहा."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच, नीट. मग तो उठला, टोपलीपाशी गेला, सिस्लीला उलगडून माझ्या हातात दिलं आणि दुपटं घेऊन घरात गेला. मी गेले तेव्हा ते चुलीत होतं. जळायला फार वेळ लागला. ओलं असल्यासारखं ते फसफसत होतं.

मी सिस्लीला छातीशी धरलं.

तिने तोंड फिरवलं.

मी तिला दुसऱ्या बाजूला घेतलं. तिने नाक माझ्या अंगाला लावलं, हुंगलं आणि तोंड फिरवलं. रागाने नाही. अनोळखी बाईने घेतल्यावर मूल जसं आपल्या माणसाला शोधतं, तशी ती दाराकडे बघायला लागली.

सोमवारी दिवसभर ती रडली. मी बोटाने दूध तिच्या जिभेवर लावलं, तिने ते बाहेर लोटलं. रॅफने मेंढीचं दूध कोमट करून चिंधी बुडवून आणली. तेही बाहेर.

"घे ना गं, घे," रॅफ म्हणत होता. कोकरांशी बोलतो त्या आवाजात. "घे माझी राणी."

मंगळवारी सकाळी ती रडली नाही. बाळोतं कोरडं होतं. टाळूवर बोट ठेवलं तर ते खाली गेलं. मला हे माहीत होतं. हे मी एकदा बघितलेलं होतं, न बघता.

रॅफ मेंढ्यांकडे गेला. मी खिडकीतून बघितलं. गायरानाचं फाटक तो कधी, एक क्षणही, उघडं टाकत नाही. त्या सकाळी त्याने ते उघडलं, त्यातून गेला, आणि तसंच ठेवून खाली नाल्याकडे निघून गेला. मागे वळून बघितलं नाही.

मी तिला घेतलं आणि गेले.

दुपार व्हायला आली होती. ऊन होतं. वारा नव्हता.

चौकोनाच्या कडेने वळसा घालून मी दक्षिणेच्या बाजूला आले. दाराच्या जागेवरून आत गेले. आत ऊब होती. बाहेरही ऊन होतं, पण ही ऊब उन्हाची नव्हती.

चुलीच्या डावीकडे तिचं अंथरूण असायचं. मी सिस्लीला तिथे गवतावर ठेवलं.

"इसॉट," मी म्हणाले. "हिला भूक लागली आहे."

आणखी काही म्हणायला हवं होतं. छपराबद्दल. विस्तवाबद्दल. मला काही आठवलं नाही.

मी बाहेर आले आणि घराकडे पाठ करून उभी राहिले.

आधी काही नव्हतं. मग सिस्ली कुरकुरली. एकदाच.

मग गिळण्याचा आवाज. लहान, एकसारखा. तो आवाज ऐकण्यासाठी मी किती रात्री कान लावून बसले होते.

समोर उतारावर तीनशे मेंढ्या होत्या. एकही चरत नव्हती.

मी मागे बघितलं नाही. आवाज थांबेपर्यंत थांबले. मग मनात शंभरपर्यंत मोजलं आणि वळले.

सिस्ली झोपली होती. पट्ट्या उजवीकडून डावीकडे. तिच्या शेजारचं गवत लांबलचक दबलेलं होतं, कुशीवर झोपलेल्या माणसाएवढं. मी बघत होते तेव्हा ते हळूहळू, एक एक पातं करत, वर येत होतं.

माझं दूध आठवड्यात आटलं. रॅफ म्हणतो, न पाजणाऱ्या मेंढीचंही तसंच होतं, त्याला इलाज नाही. मी तिला सकाळी नेते, दुपारी नेते, दिवे लागायच्या आत पुन्हा एकदा नेते. दाराबाहेर उभी राहून टकळीवर सूत काढते. वेळ वाया जात नाही. पावसात मी भिजते, तिला घेते तेव्हा ती कोरडी असते. जूनमध्ये लोकर कातरायला बाहेरची माणसं आली होती, ती आपसांत काहीतरी बोलली. रॅफने त्यांना दारू जास्त पाजली. कारभारी एकदा म्हणाला, पोर चांगलं बाळसेदार आहे. त्यावर मी मान लववून आभार मानले.

मी अजूनही सगळं बघते. तिला सहाव्या महिन्यात दोन दात आले. दहाव्यात ती धरून उभी राहिली. मी जिथून बघते तिथून ती कशाला धरून उभी राहिली ते दिसत नाही, पण तिचा हात वर होता आणि मूठ मिटलेली होती.

परवा मी तिला घेऊन घरी आले. रॅफ अंगणात फाटकाच्या काठ्या बांधत होता. सिस्ली माझ्या कडेवर होती आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, गायरानाकडे. तिकडे हात करून ती म्हणाली, "आई."

स्पष्ट म्हणाली. रॅफचा हात थांबला.

मग तिने तोंड वळवलं. माझ्या गालाला हात लावला आणि हसली, चांगल्या शेजारणीकडे बघून हसतात तशी.

"एमट," ती म्हणाली.

"माझंच ऐकून शिकली असेल," रॅफ म्हणाला, आणि काठीला दोरीचा दुसरा वेढा दिला.

सिस्ली थांबली होती, माझ्या तोंडाकडे बघत. तिने पुन्हा हाक मारली.

मी ओ दिली.